बिनरंगाचे काका

रोह्याला नोकरी लागली आणि मी नदीपलीकडच्या अष्टमी गावात भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, घरात मासे चालतात का, यातलं काहीच विचारलं नाही. मी पायरीवर उभी होते तिथेच म्हणाले, "हिरड्या दाखव गो."

मी नुसती बघत राहिले. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा खालचा ओठ दोन बोटांनी ओढून दाखवला. पळून जावंसं वाटलं, नाही असं नाही. पण तोवर चार खोल्या बघून झाल्या होत्या आणि चारही ठिकाणी "एकटी मुलगी, तीही कंपनीत?" हे ऐकून झालं होतं. मी ओठ ओढला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "बऱ्या हायेत. दर सोमवारी दाखवायच्या."

खोली मिळाली. पुढची सहा वर्षं मी दर सोमवारी हिरड्या दाखवल्या.

सगळी आळी त्यांना काका म्हणायची, मीही म्हणायला लागले. मूळचे पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या गोदीत गेली, जहाजांचा जुना रंग खरवडण्यात. हातोडीने ठोकायचा, लोखंडी पट्टीने खरवडायचा, मग त्यावर दुसऱ्या कुणीतरी नवा लावायचा. "किती जहाजं चढलो त्याचा हिशेब नाय, पन गेलो कुठं नाय," असं ते सांगायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. गोदी सुटल्यावर अष्टमीत हे तीन खोल्यांचं घर घेतलं. गावी का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गावात सगळे माझेच. माझेच लोक असले की भांडाय लागतं."

हिरड्यांचं कारण साधं होतं. जुन्या जहाजांच्या रंगात शिसं असतं. कोरडा रंग खरवडला की धूळ उडते, ती पोटात जाते, आणि वर्षानुवर्षं गेली की हिरड्यांच्या कडेला निळी रेघ उमटते. काकांच्या गोदीतल्या जोडीदाराला ती उमटली होती. आधी रेघ, मग पोटात कळा, मग एक दिवस त्याला चहाचा ग्लास उचलेना. हे सांगताना काका आवाज चढवत नसत. "मी जेवायच्या आधी हात धुवायचो, तो मला हसायचा. तेवढाच फरक," म्हणत.

मी कंपनीत केमिस्ट होते. आमच्या कारखान्यात शिशाचा काही संबंध नव्हता, हे त्यांना मी शंभरदा सांगितलं असेल. ते ऐकून घ्यायचे आणि सोमवारी दारात उभे राहायचे.

हात धुणं म्हणजे कोपरापर्यंत, साबण तीनदा, नखं ब्रशने. कुणाच्या लग्नात जेवायला गेले आणि पंगत बसून वरणभात वाढून झाला तरी हे नळावरच. खिशात कायम एक बोटभर लांबीची पट्टी. रंगवलेली वस्तू दिसली की तिचा कोपरा जरासा खरवडून खाली काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. एस.टी. स्टँडचा कठडा, दवाखान्यातलं बाकडं, पोस्टाची पेटी. बँकेच्या काउंटरचा कोपरा खरवडताना पकडले गेले तेव्हा मॅनेजरला म्हणाले, "सायेब, ह्याच्याखाली चार रंग हायेत, दुसरा लई चांगला होता." मी हौसेने एक पिस्ता रंगाचं जुनं टेबल विकत आणलं. आठवड्याभरात ते लाकडाच्या रंगाचं झालं. मी शिफ्टला गेले की काका थोडं थोडं खरवडत होते. वर अळशीचं तेल चोळून ठेवायचे, त्यामुळे रागावताही येईना, कारण टेबल आधीपेक्षा देखणं दिसत होतं.

गणपतीच्या महिनाभर आधी ते पेणजवळच्या हमरापूरला जायचे आणि शाडूची मूर्ती बिनरंगाची मागायचे. तिथल्या कारखान्यात घरंच्या घरं रंगकामाला बसलेली असतात, त्यांना हा काय प्रकार ते कळेना. पहिल्या वर्षी तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने विचारलं म्हणे, "अहो, निदान डोळ्यांची आखणी तरी करू का? देवाला दिसायला नको?" काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "डोळे काढा. काजळाने काढा." तेव्हापासून मातकट अंगाचा, काजळाच्या डोळ्यांचा गणपती पेण ते रोहा एस.टी.ने मांडीवर बसून यायचा. आळीतली पोरं त्यांना तोंडावर काका आणि मागे बिनरंगाचे काका म्हणायची. माझं लग्न ठरलं आणि होणारा नवरा भेटायला आला, तेव्हा त्याला चहाच्या आधी हिरड्या दाखवाव्या लागल्या. त्याने दाखवल्या, म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं, असं मी अजून गमतीत सांगते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. बार्जची गोष्ट घडली नसती तर मीही नेलं असतं.

मी राहायला आले त्याच्या तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, काकांच्या गावचा माणूस आला. गावच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. खाडीतली मासळी कमी झाली होती. कुठेतरी जुन्या बोटी समुद्रात बुडवतात, त्यांच्या आडोशाला मासे येतात, पत्र्याला कालवं धरतात, असं त्याने ऐकलं होतं, आणि एका बार्जवाल्याकडे एक जुनी, सडत आलेली बार्ज, म्हणजे माल वाहायची सपाट लोखंडी बोट, पडून होती. इंजिन काढून घेतलेलं, ओढून भंगारात न्यायला परवडत नव्हती. तो ती गावाला फुकट द्यायला तयार झाला होता. चेअरमनने परवानगीचे कागदही मिळवले होते. काकांना बोलवायला आला होता तो फक्त मान म्हणून, गोदीतला जुना माणूस बुडवायच्या दिवशी हजर असावा म्हणून.

काकांनी एकच विचारलं, "रंग?"

"रंगाचं काय काका? बुडवायचीच हाय ना?"

"म्हनूनच," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हातोडी-पट्टी घेऊन गावाला गेले.

मी सुट्टीच्या रविवारी बघायला गेले. बार्ज बांधाशेजारी चिखलात बसवलेली होती. काकांनी दाखवलेल्या जागेवरच्या रंगाचा एक तुकडा मी डबीत घालून आणला आणि कंपनीच्या लॅबमध्ये, साहेब जेवायला गेल्यावर, तपासला. शिसं निघालं. तळाच्या लाल रंगात तांबंही निघालं. ते तिथे मुद्दाम घातलेलं असतं, बोटीच्या बुडाला कालवं आणि शिंपल्या चिकटू नयेत म्हणून. म्हणजे ज्या पत्र्यावर कालवं धरावीत म्हणून गाव नवस बोलत होतं, तो पत्रा कालवांना मारायच्या औषधाने माखलेला होता. आणि तो रंग गळत गळत त्याच खाडीत जाणार होता जिथून गावाची आमटी येते. हे मी चेअरमनला सांगितलं. तो शहाणा माणूस होता, त्याने बुडवायची तारीख होळीच्या पौर्णिमेच्या उधाणावर ढकलली. पौर्णिमेला आणि अमावास्येला खाडीला मोठी भरती येते, तेवढ्या पाण्यातच ती बार्ज चिखलातून सुटून खोल पाण्यात नेता येणार होती.

काका तीन महिने खरवडत होते. आधी एकटे, मग खाडीवर कालवं काढणाऱ्या बायका आल्या. खडकावरून कालव उचकटायची सवय असलेले हात ते. त्यातली हिराबाय म्हणून एक होती, ती काकांपेक्षा दुप्पट वेगाने काम करायची आणि त्यांना तसं सांगायचीही. काकांचे नियम कडक होते. खाली ताडपत्री. रंग आधी ओला करायचा, मगच खरवडायचा. तोंडाला ओलं फडकं. निघालेला प्रत्येक तुकडा खताच्या रिकाम्या गोणीत. जेवणाआधी सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि काकांना हिरड्या दाखवायच्या. हिराबाय म्हणायची, "काका, माजे दात बघाय कोनी नवरा आला नवता, तुमी येताव रोज." मीही जमेल त्या रविवारी जाऊन खरवडलं. माझ्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम ते, असं मला तेव्हा वाटायचं.

होळीच्या चार दिवस आधी काम संपलं. बुडाखाली चिखलात रुतलेला रंगाचा एक पट्टा तेवढा राहिला, त्याच्यापर्यंत हात पोचत नव्हता, आणि त्याचं काकांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. बार्ज नुसत्या गंजलेल्या लोखंडाची दिसत होती. काका अष्टमीच्या घरी परत आले, दोन दिवस झोपले, धुतलेला सदरा घातला, आणि पौर्णिमेला सकाळी आम्ही दोघे एस.टी.ने पेणला आणि तिथून रिक्षाने गावात गेलो.

बांधावर चढलो आणि बार्ज दिसली. लालभडक. वर निळा पट्टा. नाळेला, म्हणजे बोटीच्या टोकाला, हार, हळदकुंकू, बांधलेला नारळ. आणि पुढच्या बाजूला, पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत, काकांचं पूर्ण नाव.

कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. खाडीकाठच्या माणसाच्या हातून नागवी होडी पाण्यात जात नाही. वर्षातून एकदा होडी रंगवल्याशिवाय ते दर्याला नारळसुद्धा देत नाहीत. बार्जवाल्याने कौतुकाने रंगाचे डबे पाठवले होते; वाईट तो जुना रंग, नवा चालतो, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पोरांनी आणि बायकांनी मिळून दोन दिवसांत ती रंगवून काढली होती, काकांना आनंद व्हावा म्हणून. ते सगळे बांधावर ओळीने उभे राहून काकांच्या तोंडाकडे बघत होते. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं.

काकांनी रिकामा डबा उचलला, वास घेतला, त्यावरचं मला वाचायला सांगितलं. तोच होता, बोटींच्या बुडाला लावायचा, कालवं न धरू देणारा. त्यांनी डबा खाली ठेवला. फळीवरून चालत बार्जवर गेले आणि मधोमध मांडी घालून बसले.

पाणी चढत होतं. पाहुणे म्हणून बोलावलेले एक पुढारी गाडीतून उतरले होते. चेअरमन फळीवर जाऊन हात जोडून म्हणाला, "काका, उतरा आता. भरती भरत आली."

"भरूदे."

"अवो, लोकांनी परेमानं केलंय. तुमचंच नाव लिवलंय वर!"

"तेच तर. माज्या नावावर इख नको."

"मग पुढं कदी?"

"आवसेला."

"आनि तवर कोन काडनार हा रंग?"

काकांनी खिशातून पट्टी काढून मांडीवर ठेवली. चेअरमन परत आला. माणूस बसलेली बोट कोण बुडवणार? तासाभरात भरती पुरी झाली, थोडा वेळ थांबली, आणि ओसरायला लागली. पुढाऱ्यांनी शहाळं पिऊन रजा घेतली. गाव एकेक करून घरी गेलं. त्या दिवशी गावात त्यांच्याशी कुणी बोललं नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटला की राग आला, हे मला आजही सांगता येत नाही. एवढ्या मायेने केलेल्या गोष्टीवर असं बसून राहायला छातीच लागते. दोन गोड शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं, असंही वाटायचं.

पाणी पुरतं उतरल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव काढलं. रंग अजून ओला होता, सुटेना, पट्टीला चिकटून यायचा. पहिले दोन दिवस ते एकटे होते. तिसऱ्या दिवशी हिराबाय फडकं बांधून आली. "आमी लावला, आमीच काडू," म्हणाली, आणि बाकीच्या बायका तिच्या मागून आल्या. पोरं रुसलेलीच राहिली.

अमावास्येला बार्ज बुडवली. ना हार, ना पाहुणे. मी रजा काढून गेले होते. दोन होड्यांनी ती ओढत खोल पाण्यात नेली, बुडाच्या झडपा उघडल्या, आणि ती फार सावकाश, जणू बसायला जागा शोधत असल्यासारखी, खाली गेली. मला रडू आलं. काका होडीच्या कडेला वाकून खाडीच्या पाण्यात हात धूत होते.

दोन वर्षांनी हिराबाय स्टीलच्या डब्यातून कालवं घेऊन अष्टमीला आली. "बारजीवरची हायेत," म्हणाली. खाडीत मासे खरंच वाढले, की इकडचे तिकडे जमा झाले, हे मला सांगता येणार नाही. काकाही त्यावर बोलत नसत. कालवं मात्र आली, आणि ती आम्ही खाल्ली.

राहिल्या गोण्या. तीन महिन्यांच्या आणि वर पंधरा दिवसांच्या खरवडीच्या एकोणीस गोण्या बांधावर पडून होत्या. चेअरमनचं म्हणणं, बांधाच्या भरावात घालू. काका नाही म्हणाले. टेम्पोत घालून त्या अष्टमीला आणल्या आणि घरातल्या तिसऱ्या खोलीत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचून ठेवल्या. ती खोली त्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही. आणि मग मला विचारलं, "तुज्या कंपनीत असला माल वेगळा ठेवतात ना गो? गाडी येते ना न्यायला?"

येत होती. धोक्याच्या कचऱ्याची वेगळी शेड होती, रीतसर गाडी येऊन तो माल घेऊन जायची. मी म्हणाले, "हो. बघते मी."

मी साहेबांना विचारलं. एकदाच. ते म्हणाले, "बाहेरचा कचरा आपल्या नावावर दाखवायचा? तुला नोकरी नकोय का?" मला नोकरी हवी होती. त्या संध्याकाळी काकांना खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं, "पुढच्या महिन्यात बघू म्हणालेत." पुढच्या महिन्यात तेच सांगितलं. मग त्यांनी विचारायचं बंद केलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी विचारणं बंद केलं होतं ते माझ्यावर विश्वास ठेवून, हे मला कळत होतं, आणि तरीही मी गप्प बसले. एका छताखाली उरलेली जवळजवळ तीन वर्षं.

लग्नानंतर मी पुण्याला आले. काका दर पावसाळ्यात एक फोन करायचे. तब्येत, नवरा, मुलगी, सगळ्यांच्या हिरड्या, आणि शेवटी, "गोन्या कोरड्या हायेत गो. काळजी नको." मी म्हणायचे, "बरं काका." असे पाच-सहा पावसाळे गेले.

नंतरच्या वर्षी जूनमध्ये फोन आला नाही. मीही केला नाही. श्रावणात एका अनोळखी माणसाचा आला. पनवेलला राहणारा त्यांचा पुतण्या. काका मे महिन्यात गेले होते. घर विकायचं होतं, जुन्या वहीत भाडेकरूंचे नंबर होते, म्हणून तो एकेकाला कळवत होता. चांगला माणूस वाटला. मरणाआधी त्रास झाला नाही असं म्हणाला. मी विचारलं, "घर रिकामं केलंत का?"

"केलं की. सामान काहीच नव्हतं. त्या एका खोलीतल्या गोण्यांनी मात्र जीव काढला हो. गंजाच्या, जड. भंगारवाला घेईना, कुणीच घेईना."

"मग?"

"मग काय. पुलावरून सोडल्या नदीत. कुंडलिकेला जोराचं पाणी होतं, लगेच गेल्या."

पेणच्या खाडीत जाऊ नये म्हणून बोटाबोटाने काढलेलं, एकोणीस गोण्या भरलेलं ते सगळं आता रोह्याच्या नदीतून दुसऱ्या खाडीकडे चाललं होतं. तिच्या काठावरही कालवं काढणाऱ्या बायका आहेत. तो बोलतच होता.

"काका शेवटपर्यंत सांगत होते, त्यांना हात लावू नका, कंपनीची गाडी येणार आहे न्यायला. म्हणून आम्ही दोन महिने थांबलो. गाडी काही आली नाही. तुम्ही इतकी वर्षं राहिलात तिथे, तुम्हाला ठाऊक आहे का, कुठल्या कंपनीची ते?"

मी म्हणाले, "नाही."